शब्दांची उतरंड

बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईत सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात दासोपंतांनी मराठीची बाजू मांडताना एक वेगळाच पुरावा पुढे केला. तो पुरावा होता मडक्यांचा. संस्कृतात घट म्हटले की काम भागते. पण घट म्हणजे नेमके कोणते भांडे, हे त्या शब्दातून ऐकणाऱ्याला कसे कळावे, असा त्यांचा प्रश्न. पाणी साठवायचे, ताक घुसळायचे, डोईवरून वाहायचे, पूजेला मांडायचे, अशी घरात नाना मडकी असतात आणि मराठी माणूस प्रत्येकाला वेगळ्या नावाने हाक मारतो. मग गीतेवरच्या आपल्या ‘गीतार्णव’ या टीकाग्रंथात त्यांनी त्या नावांची रांगच लावली. रांजण, डेरा, घागर, सुगड, तौली अशी ती नावे एकामागून एक येत राहतात आणि त्या रांगेच्या शेवटी वाचक आपोआप दासोपंतांच्या बाजूने उभा राहतो. जवळजवळ एकाच अर्थाचे शब्द ओळीने मांडून म्हणणे ठसवण्याच्या रीतीचे मराठीत याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण आहे. कारण इथे ही रीत नुसती सजावटीला आलेली नाही. शब्दांची यादी हाच इथला युक्तिवाद आहे.

दासोपंतांचा काळ 1551 ते 1615 हा मानतात. म्हणजे ते पैठणच्या एकनाथांचे समकालीन. त्यांच्या लिखाणाचा व्याप पाहिला की आजही थक्क व्हायला होते. ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा, असे परंपरा सांगते. गीतेचे श्लोक सातशे. तेव्हा एका श्लोकामागे सरासरी पावणेदोनशे ओव्या झाल्या. त्याच गीतेवरची ज्ञानेश्वरी साधारण नऊ हजार ओव्यांत पूर्ण होते. पंचीकरणाचा, म्हणजे पंचमहाभूतांच्या मिश्रणातून सृष्टी घडण्याचा, विषय दासोपंतांनी सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर लिहून काढला. ती ‘पासोडी’ अंबाजोगाईचे भूषण मानली जाते. एवढे लिहिणाऱ्या कवीवर पाल्हाळाचा आरोप होणे साहजिकच होते आणि तो झालाही. एकच गोष्ट दहा शब्दांत सांगणारा लेखक मोजके बोलणाऱ्यापेक्षा कमी दर्जाचा, असे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पण मडक्यांच्या त्या रांगेला हा आरोप लागू होत नाही आणि तो का लागू होत नाही, हे समजून घेतले तर या रीतीचे मर्म हाती लागते. समान अर्थाचे शब्द एकत्र आणल्यावर जोर येतो तो त्यांच्या सारखेपणातून येत नाही. त्यांच्यात जो थोडासा फरक उरलेला असतो, त्या फरकातून तो येतो.

हे मडक्यांवरूनच पाहू. रांजण म्हणजे पाण्याचे मोठे भांडे. पुष्कळदा जमिनीत रोवलेले, जागचे न हलणारे. डेऱ्याचे पोट मोठे, त्यात रवी फिरते. घागर डोक्यावर किंवा कमरेवर बसते, म्हणून तिचा गळा आखूड आणि पोट गोल. सुगड एवढेसे, संक्रांतीला उसाची कांडे, बोरे, हरभऱ्याचे घाटे भरून वाणाला द्यायचे. अक्षय तृतीयेला पितरांच्या नावाने पाणी भरून ठेवायची ती केळी. बोळके लहान, परळ उथळ. हे शब्द कोशात शेजारी शेजारी बसतील, पण घरात त्यांच्या जागा वेगळ्या. आता ही भांडी माणसे कशी रचत, तेही आठवावे. रिकाम्या मडक्यांची उतरंड लावत. सर्वांत मोठे तळाला, त्याच्यावर त्याहून लहान, असे करत शेंड्याला बोळके. प्रत्येक मडके खालच्याच्या तोंडावर नेमके बसले पाहिजे. सगळी एकाच मापाची असतील तर उतरंड लागत नाही आणि मधले एक काढले तर वरची सगळी खाली येतात. समानार्थी शब्दांची चांगली रांग अशीच उतरंड असते. आकार एका जातीचा, मापे वेगळी, क्रम ठरलेला. वाईट रांग म्हणजे नुसती रास. तिच्यातून मूठभर काढा किंवा मूठभर घाला, राशीला काही कळत नाही.

ही रीत कवींनी शोधून काढली असेही नाही. ती रोजच्या मराठीत इतकी मुरलेली आहे की आपल्या लक्षातही येत नाही. भाजीपाला, गुरेढोरे, काटेकुटे, कपडालत्ता, शेतीवाडी, धनधान्य, मोडतोड, कामकाज हे सारे जोडशब्द म्हणजे दोन-दोन मडक्यांच्या छोट्या उतरंडी. अशा पुष्कळ जोड्यांमध्ये एक शब्द एका भाषेतला, दुसरा दुसऱ्या भाषेतला. धनदौलतमधले धन संस्कृतातले, दौलत अरबीतली. रीतिरिवाज तसाच. बाजारहाटमध्ये फारसी बाजार आणि देशी हाट हातात हात घालून चालतात. कागदपत्रातही तेच. जिथे दोन भाषा शेजारी नांदतात तिथे अशा जोड्या सहज जमतात. बीड जिल्हा सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कचेरीची भाषा उर्दू, घरची मराठी. अंबाजोगाईलाही तेव्हा मोमिनाबाद हे दुसरे नाव होते. या जोड्या त्या राजवटीहून जुन्या आहेत, पण त्यांची सवय अशा प्रदेशात घट्ट होणे स्वाभाविक आहे. इंग्लंडच्या कायद्याच्या भाषेतही हेच झाले. 1066 च्या नॉर्मन विजयानंतर तिथे इंग्रजी आणि फ्रेंच शब्द जोडीने येऊ लागले आणि मृत्युपत्राला आजही ‘विल अँड टेस्टामेंट’ असे दुहेरी नाव आहे. आता पाहण्यासारखी गोष्ट अशी की जोडी जमली की अर्थ नुसता दुप्पट होत नाही, तो पसरतो. कागदपत्र म्हणजे कागद आणि पत्र एवढेच नाही. सातबारा, पावती, करारनामा, दाखला असे जे जे लागेल ते सगळे. भाजीपाला म्हटले की फळभाज्या आणि पालेभाज्या दोन्ही आल्या, वर मिरची-कोथिंबीरही आली. शेताच्या बांधावर दोन खुंट्या ठोकल्या की मधली सगळी जमीन हद्दीत येते, तसे दोन जवळचे शब्द ठोकले की मधला सगळा अर्थ त्यांच्या ताब्यात जातो. जेवणबिवण, पाणीबिणी यांत तर दुसऱ्या शब्दाला स्वतःचा अर्थही नाही. तो केवळ दुसऱ्या खुंटीचे काम करतो.

दोनाचे तीन-चार झाले की क्रमाला महत्त्व येते. ‘त्या वर्षी पाऊस नाही, सर नाही, भुरभूर नाही, शिंतोडासुद्धा नाही’ असे वाक्य घ्या. मोठ्यापासून लहानाकडे उतरत आपण शेवटी शिंतोड्यावर पोचतो आणि तोही नाकारला जातो तेव्हा दुष्काळ पुरा होतो. आता क्रम उलटा करा. ‘शिंतोडा नाही, भुरभूर नाही, सर नाही, पाऊस नाही.’ वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे, पण जोर गेला. कारण शिंतोडाच नाही म्हटल्यावर पाऊस नाही हे वेगळे सांगायची गरजच उरत नाही. होकारात मात्र हाच क्रम उलटा लागतो. शिंतोडे आले, भुरभूर लागली, सर आली आणि पाऊस धो-धो कोसळू लागला. म्हणजे नकाराची उतरंड मोठ्याकडून लहानाकडे आणि होकाराची लहानाकडून मोठ्याकडे. उत्तरोत्तर चढत जाण्याच्या या मांडणीला आपल्या अलंकारशास्त्रात ‘सार’ असे नाव आहे. हा नियम कुणी शिकवावा लागत नाही. बालाघाट डोंगराच्या माथ्यावरचा शेतकरी पेरणीच्या दिवसांत आभाळाबद्दल बोलतो तेव्हा त्याचे शब्द याच क्रमाने येतात, कारण वळीव, सर, झड, संततधार यांची मापे त्याच्या पिकाने त्याला शिकवलेली असतात. जोर साधण्यासाठी त्याला भारदस्त शब्द शोधावे लागत नाहीत. लहानमोठे फरक ओळखणारे शब्द त्याच्याजवळ आहेत आणि ते योग्य क्रमाने लावले की जोर आपसूक येतो.

या रीतीचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. वैदिक शब्दांची निर्वचने सांगणाऱ्या यास्काने निरुक्तात नोंदवले आहे की पुनरुक्तीने अर्थ अधिक वाढतो असे लोक मानतात. पाणिनीने तर आठव्या अध्यायाची सुरुवातच शब्द दोनदा उच्चारण्याच्या नियमांनी केली आणि सातत्य व व्याप्ती दाखवायची असेल तेव्हा द्विरुक्ती होते असे सांगितले. घरोघर, पुन्हापुन्हा ही आपली रूपे त्याच घराण्यातली. काव्यशास्त्रकारांनी पुनरुक्ती हा दोष मानला खरा, पण भामहाने लगेच अपवादही सांगितले. भय, शोक, असूया, हर्ष आणि विस्मय यांच्या भरात माणूस तेच पुन्हा बोलतो, तेव्हा तो दोष नव्हे. पुढे ‘पुनरुक्तवदाभास’ नावाचा अलंकारच मानला गेला. त्यात शब्द वरवर समानार्थी वाटतात, पण नीट पाहिले की प्रत्येकाचा अर्थ निराळा निघतो. म्हणजे दोष कोणता आणि गुण कोणता, याची कसोटी आपल्या आचार्यांनी फरकावरच ठेवली होती. तिकडे रोममध्ये इसवी सनापूर्वी 63 साली सिसेरो या वक्त्याने कट रचणाऱ्या कॅटिलिनाच्या पळून जाण्याचे वर्णन करताना निघून जाण्याच्या अर्थाची चार क्रियापदे ओळीने वापरली. त्यांत साध्या जाण्यापासून उसळून बाहेर पडण्यापर्यंत चढ आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या क्विंटिलियनने अशा शब्दसंचयाला म्हणणे मोठे करून दाखवण्याच्या उपायांत स्थान दिले. 1512 मध्ये इरॅस्मसने विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकात ‘तुमच्या पत्राने मला फार आनंद झाला’ अशा एका साध्या वाक्याची दीडशेहून अधिक रूपे करून दाखवली. त्याचा हेतू विद्यार्थ्यांनी ती सगळी एका पत्रात कोंबावीत असा नव्हता. शब्दांची कोठी भरलेली असावी, म्हणजे वेळ आल्यावर नेमका शब्द हाताशी येईल, असा होता.

आपल्याकडे ही कोठी कानाने भरली गेली, हेही लक्षात घेतले पाहिजे. वाचणारा माणूस एखादा शब्द निसटला तर मागे जाऊन पाहू शकतो. ऐकणाऱ्याला ती सोय नाही. बीड जिल्ह्यातल्या नारायणगडावर किंवा गहिनीनाथगडावर कीर्तन ऐकायला बसलेल्या मागच्या रांगेतल्या बाईला टाळ-मृदंगाच्या आवाजात एक शब्द ऐकू आला नाही, तर दुसरा तिच्यापर्यंत पोचला पाहिजे. म्हणून कीर्तनकार मायेला माया म्हणतो, भ्रम म्हणतो, भूल म्हणतो, मोह म्हणतो. त्यात श्रोत्याला सावरायला वेळ मिळतो आणि सांगणाऱ्यालाही पुढचे चरण आठवायला. वॉल्टर ऑंग या अभ्यासकाने 1982 मध्ये मौखिक आणि लिखित संस्कृतींची तुलना करताना असा भरघोसपणा हे मौखिक विचाराचे एक लक्षणच मानले. जात्यावरच्या ओव्यांत हे आणखी स्पष्ट दिसते. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभरातून जमवलेल्या ओव्यांची संख्या लाखाच्या वर आहे आणि त्यांत माजलगावच्या बायकांच्या आवाजात 1996 साली ध्वनिमुद्रित झालेल्या ओव्याही आहेत. जाते फिरते तसे गाणे फिरते. भावाला एकदा भाऊ म्हणायचे, पुढच्या फेरीत बंधू, मग पाठचा, मग राया. हाताची फेरी तीच, दळण मात्र दर फेरीला बारीक होत जाते. नाव बदलले की नात्याची एक वेगळी बाजू वर येते. भाऊ हाकेतला, बंधू मानाचा, पाठचा आपल्यामागून आईच्या पोटी आलेला. दळणारीला हे भेद कुणी समजावून दिले नव्हते, पण कोणता शब्द कोणत्या दुःखाच्या वेळी यायचा हे तिला पक्के ठाऊक होते.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की नेमका एक शब्द सापडला तर बाकीच्यांची गरज काय? चांगला लेखक तो, जो योग्य शब्द निवडतो. ज्याला निवडता येत नाही तो सगळेच लिहून मोकळा होतो. यात तथ्य आहे आणि शास्त्रीय लेखनात, कायद्यात, औषधाच्या चिठ्ठीत तर हाच नियम पाळला पाहिजे. पण हा आक्षेप एक गोष्ट गृहीत धरतो, ती म्हणजे सांगायची वस्तू एकाच शब्दात मावण्याएवढी आहे. काही वस्तू तशा नसतात. दारिद्र्य घ्या. गरिबी, टंचाई, चणचण, ओढाताण, उपासमार यांतला नेमका शब्द कोणता? ज्या घरात जूनमध्ये बियाण्यासाठी ओढाताण होते, श्रावणात धान्याची टंचाई होते आणि एखाद्या वर्षी उपासमारीपर्यंत गोष्ट जाते, त्या घराचे वर्णन यांतल्या एका शब्दाने केले तर ते अपुरे राहील. एक शब्द निवडणे म्हणजे त्या घराच्या वर्षातला एकच महिना निवडणे. दासोपंतांच्या मडक्यांचेही तेच. सगळे स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणायचे असेल तर रांजण पुरत नाही, घागरही पुरत नाही. तिथे यादी हाच सर्वांत नेमका आणि सर्वांत थोडक्यातला मार्ग असतो. काटकसर शब्दांची संख्या मोजून ठरत नाही. शब्दांनी केलेल्या कामाशी ती ताडून पाहावी लागते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ही रीत ढोंगाला फार सोयीची आहे. सभेतला वक्ता ‘विकास, प्रगती आणि उन्नती’ साधण्याची ग्वाही देतो, निरोप समारंभात ‘प्रेम, स्नेह आणि जिव्हाळा’ यांचा वर्षाव होतो, श्रद्धांजलीच्या ठरावात ‘दुःख, शोक आणि खेद’ एका दमात व्यक्त होतात. ऐकणाऱ्याला वाटते की पुष्कळ काही बोलले गेले, आणि हाती काहीच लागत नाही. हा दुरुपयोग खरा आहे आणि तो ओळखण्याचे साधन उतरंडीनेच आपल्याला दिले आहे. रांगेतला एक शब्द काढून पाहावा. ‘विकास, प्रगती आणि उन्नती’मधून प्रगती काढली तर वाक्यात काही बदलते का? बदलत नाही. जागा बदलून पाहावी. उन्नती आधी आणि विकास नंतर घेतला तर काही ढासळते का? काहीच नाही. मग ती रास आहे. उलट पावसाच्या वाक्यातून भुरभूर काढली तर सर आणि शिंतोडा यांच्यामधली एक पायरी निखळते, क्रम बदलला तर सगळा डोलारा कोसळतो. दोष रीतीचा नाही. एकाच मापाची तीन मडकी एकमेकांवर ठेवून उतरंड लावल्याचा देखावा करण्याचा तो दोष आहे. वक्त्याला जेव्हा विकास म्हणजे रस्ता की पाणी की शाळा हे सांगायचे नसते, तेव्हाच तो प्रगती आणि उन्नतीच्या आडोशाला जातो. फरकाची भीती वाटणारा माणूस सारखेपणाची रास रचतो.

तिसरा आक्षेप थेट दासोपंतांवरच आहे. संस्कृतात घटाला खरोखरच एकच शब्द होता का? मुळीच नाही. अमरकोशात कलश, घट, कुट यांच्या जोडीला मणिक, उखा, स्थाली, पिठर असे भांड्यांचे कितीतरी शब्द आहेत. कुंभ, कमंडलू तर आपल्यालाही ठाऊक आहेत. तेव्हा संस्कृतच्या दारिद्र्याचा पुरावा म्हणून मडक्यांची रांग टिकत नाही. बर्फाला बर्फाळ प्रदेशातल्या लोकांच्या भाषेत शेकडो शब्द असतात, ही गोष्टही अशीच फुगत गेली. 1911 मध्ये मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआसने फक्त चार मूळ शब्दांचा दाखला दिला होता. शब्द मोजून एका भाषेला श्रीमंत आणि दुसरीला गरीब ठरवणे धोक्याचे असते, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही दासोपंतांचा मुद्दा उभा राहतो, कारण तो शब्दसंख्येचा मुद्दा नव्हताच. मणिक आणि पिठर कोशात होते, पण अंबाजोगाईच्या ज्या बाईला गीता समजावून सांगायची होती तिच्या घरात रांजण आणि डेरा होते. शब्द ज्याच्या अनुभवाशी जोडलेला आहे, त्यालाच तो फरक दाखवू शकतो. ही गोष्ट दासोपंतांच्या आधीच्या मुकुंदराजांशी ताडून पाहता येते. ‘विवेकसिंधु’ या ग्रंथाच्या या कर्त्याची समाधीही अंबाजोगाईतच दाखवली जाते. ‘विवेकसिंधु’ची रचना परंपरेने शके 1110, म्हणजे 1188 सालची मानतात; त्यांचे ठिकाण अंबाजोगाई की विदर्भातले आंभोरे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. त्यांनीही मराठीची बाजू मांडली होती, पण ती तर्काने. शास्त्रांचे सार मराठीत मिळत असेल तर जाणत्याने ते का घेऊ नये, अशी ती मांडणी. तर्क बुद्धीला पटतो. दासोपंतांनी तर्क बाजूला ठेवून घरातली भांडीच समोर आणून मांडली. वाचक एकेक नाव ओळखत जातो, हे माझे, हेही माझे, असे त्याला वाटत जाते आणि भाषा आपली आहे हे त्याला सिद्ध करून द्यावे लागत नाही. यादीचा जोर असा ओळखीतून येतो.

हा केवळ काव्याचा प्रश्न नाही, हे बीड जिल्ह्याच्या आजच्या जगण्यातूनही दिसते. दसरा-दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातून मोठ्या संख्येने माणसे पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे ऊस तोडायला जातात. सरकारी कागदावर आणि बातमीत त्यांना एकच नाव, ऊसतोड कामगार. पण त्यांच्या स्वतःच्या बोलण्यात कोयता वेगळा, टोळी वेगळी. कोयता म्हणजे हातातले हत्यारही आणि नवराबायकोची जोडीही. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्या जोडीच्या हिशेबाने मिळते. कुणी गाडीसेंटरला जातो, कुणी डोकीसेंटरला, कुणी ट्रॅक्टरच्या टोळीत. गाडीवाल्याला बैलांचा चारा पाहावा लागतो, डोकीवाल्याला मोळी डोक्यावर वाहावी लागते. दोघांचे कष्ट वेगळे आणि पैशाचा हिशेबही वेगळा. ‘कामगार’ या एका घटात हे सगळे ओतले की घट भरल्यासारखा दिसतो, पण कुणाचे काय दुखते ते दिसेनासे होते. कोयता या एका शब्दाखाली बाईची मजुरी नवऱ्याच्या मजुरीत मिसळून जाते, हेही त्यातच आले. तिथे तर जोडी फोडून दोन नावे घेण्याची गरज आहे. लोकांच्या तोंडी असलेली ही नावे एकापुढे एक मांडली तर ती वाक्याची शोभा वाढवण्यापुरती राहत नाहीत. प्रत्येक नावामागे एक वेगळा हिशेब उभा राहतो. दासोपंतांनी घटाला जो प्रश्न विचारला तोच इथे कामगार या शब्दाला विचारावा लागतो. यांतला कोणता?

म्हणून समान शब्दांची रांग ही लेखकाची चैन आहे असे मानणे चूक ठरेल. ती ज्या शब्दांवर उभी राहते ते जिवंत असले तरच ती उभी राहते, एवढी मात्र तिची अट आहे. दासोपंतांच्या रांगेतली कित्येक नावे आज अंबाजोगाईतल्या तरुण वाचकालाही कोशात शोधावी लागतात. स्टीलचा पिंप आला तसा रांजण गेला, मिक्सर आला तसा डेरा गेला आणि वस्तूंबरोबर त्यांचे फरकही विस्मरणात गेले. वस्तू जातात, त्याला इलाज नाही; नव्या वस्तूंना नवी नावे पडतात आणि पडावीत. पण फरक ओळखण्याची सवय गेली तर नव्या वस्तूंनाही एकच नाव पुरू लागेल आणि मग जोर आणायला आपल्याजवळ आवाज चढवण्याखेरीज काही उरणार नाही. सुगड हा शब्द मात्र अजून कुणाला समजावून द्यावा लागत नाही. पौष महिन्यात कुंभार चाकावरून सुगडे उतरवतो, बाजारात बाई वाकून एकेक उचलते, चीर गेलेली नाही ना हे बोटाने वाजवून पाहते आणि पाच निवडून घेते. वरवर पाहता ती सगळी सारखीच असतात. तिला मात्र त्यांतला फरक कानाने कळतो.